चेंडू वर, अक्षरे खाली

व्हॉलीबॉलचा सामना पाहणाऱ्याची नजर स्वभावतःच वर लागलेली असते. पुरुषांच्या खेळात जाळीची वरची कड जमिनीपासून २.४३ मीटर उंचीवर असते, आणि खेळात जे जे निर्णायक घडायचे ते बहुतेक सारे त्या कडेच्या आसपास किंवा तिच्याही वर, अधांतरी, निमिषार्धात घडून जाते; चेंडू हाती धरून ठेवण्याची मुभा कोणालाच नसल्यामुळे खेळाडूला विचार करायला उसंत नसते आणि प्रेक्षकाला डोळा हलवायला फुरसत नसते. अशा या खेळावर रचलेल्या एखाद्या जपानी ॲनिमे मालिकेचा पहिला भाग मूळ जपानी आवाजात, इंग्रजी सबटायटल्सच्या आधाराने पाहू जाणाऱ्या मराठी प्रेक्षकाची स्थिती मोठी अवघड होते. कारण चेंडू आणि त्याच्यासाठी झेपावलेला मुलगा पडद्याच्या वरच्या अंगाला असतात, आणि त्या मुलाच्या मनात काय चालले आहे हे सांगणारी अक्षरे मात्र पडद्याच्या तळाशी उमटत असतात. नजर खाली आणावी तर उडी निसटते, वर ठेवावी तर मनोगत हरवते. तोच भाग इंग्रजी डबिंगमध्ये पाहिला की हा पेच आपोआप सुटतो. शब्द कानांच्या हवाली होतात आणि डोळे खेळाला मोकळे राहतात. ‘हायक्यू!!’ या मालिकेच्या पहिल्या भागाविषयी आणि त्याच्या इंग्रजी डबविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे प्रयोजन हेच, की डबमधून मिळणारा आनंद हा उष्टा, दुय्यम प्रतीचा आनंद होय असा जो समज रसिकांत रूढ आहे, तो निदान या कलाकृतीपुरता तरी मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही याची कैफियत सविस्तर मांडण्याजोगी आहे.

हारुइची फुरुदाते यांची ही चित्रकथा जपानमधील ‘वीकली शोनेन जम्प’ या साप्ताहिकात २०१२ ते २०२० अशी आठ वर्षे क्रमशः चालली. तिची ४०२ प्रकरणे पुढे ४५ खंडांत पुस्तकरूपाने निघाली. ‘प्रॉडक्शन आय. जी.’ या संस्थेने तिचे ॲनिमे केले, दिग्दर्शनाचा भार सुसुमु मित्सुनाका यांनी उचलला, आणि पहिला भाग जपानी दूरचित्रवाणीवर एप्रिल २०१४ मध्ये दाखवला गेला. कथा घडते ती जपानच्या ईशान्येकडील मियागी प्रांतात. फुरुदाते स्वतः त्याच मुलखातले, मियागीच्या उत्तरेस असलेल्या इवाते प्रांतातील कारुमाई या गावचे. मालिकेतले चढउताराचे रस्ते, डोंगराकडेची घरे आणि सायकलवर शाळेला जाणारी मुले यांत जो खरेपणा जाणवतो त्याचे मूळ बहुधा या जन्मगावात असावे.

व्हॉलीबॉल आणि जपानी पडदा यांचे नाते मात्र याहून पुष्कळ जुने आहे. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये हिरोबुमी दाइमात्सु यांच्या कठोर शिस्तीत तयार झालेल्या जपानी महिला संघाने सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा तो सामना जवळजवळ सारे राष्ट्र दूरचित्रवाणीपुढे बसून पाहत होते. तोक्योच्या परिसरात त्या प्रक्षेपणाला ६६.८ टक्के प्रेक्षक लाभल्याची नोंद आहे. त्या विजयाची ऊब विझण्यापूर्वीच, १९६९ मध्ये, शालेय मुलींच्या व्हॉलीबॉलवरची ‘अटॅक नंबर वन’ ही ॲनिमे मालिका सुरू झाली. तिच्या एकच वर्ष आधी ‘क्योजिन नो होशी’ या बेसबॉलवरील मालिकेने खेळाच्या ॲनिमेचा पायंडा पाडला होता. घाम, अश्रू, कर्तव्यकठोर बाप, हाडे मोडेपर्यंतचा सराव आणि एका चेंडूवर पणाला लागलेले आयुष्य हा जो या प्रकाराचा साचा, तो तेथूनच आला. या मालिकेचा धागा आपल्या मुलखापर्यंतही येऊन पोहोचलेला आहे. तिचेच कथानक बेसबॉलऐवजी क्रिकेटवर बेतून ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही हिंदी ॲनिमेशन मालिका २०१२ च्या अखेरीस भारतीय दूरचित्रवाणीवर आली, आणि तिचा नायक मुंबईच्या गरीब वस्तीत वाढणारा मुलगा होता. खेळाची गोष्ट देश आणि भाषा ओलांडून किती सहज जाते, याचा याहून ठळक दाखला मला ठाऊक नाही.

आता प्रत्यक्ष पहिल्या भागाकडे वळू. शोयो हिनाता हा लहान चणीचा मुलगा सायकलवरून जाताना रस्त्याकडेच्या पडद्यावर शालेय व्हॉलीबॉलचा राष्ट्रीय सामना पाहतो. त्यात कारासुनो या शाळेचा, उंचीने सामान्य पण उडीने असामान्य असा दहा क्रमांकाचा खेळाडू जाळीपलीकडच्या धिप्पाड मुलांवरून चेंडू मारताना त्याला दिसतो, आणि त्याच क्षणी या मुलाच्या आयुष्याची दिशा ठरून जाते. पुढे तो ज्या माध्यमिक शाळेत जातो तेथे मुलांचा व्हॉलीबॉल संघच नाही. तो एकटा सराव करतो, मुलींच्या संघाजवळ घुटमळतो, गावातल्या आयांच्या हौशी मंडळाबरोबर खेळतो. आणि शाळेतील शेवटच्या वर्षी तीन नवखी मुले मिळाल्यावर फुटबॉल खेळणारा एक मित्र व बास्केटबॉल खेळणारा दुसरा यांची मनधरणी करून तो कसाबसा सहा जणांचा संघ उभा करतो. आयुष्यातली पहिली अधिकृत स्पर्धा, आणि पहिल्याच फेरीत गाठ पडते ती किटागावा दाइइची या मातब्बर शाळेशी, जिचा लिफ्टर तोबियो कागेयामा याला ‘कोर्टवरचा राजा’ असे नाव पडलेले आहे. लिफ्टर म्हणजे स्मॅश मारणाऱ्यासाठी जाळीजवळ चेंडू उचलून देणारा. आपल्या गावोगावच्या मैदानांवर हा शब्द रुळलेला असल्यामुळे त्याचा अधिक खुलासा करण्याची गरज नाही.

सामन्याआधीचा एक लहानसा प्रसंग मी मुद्दाम जवळून दाखवतो, कारण डबची पहिली परीक्षा तेथे आहे. हिनाताच्या पोटात भीतीने गोळा आलेला आहे, तो प्रसाधनगृहाकडे धावला आहे, आणि तेथे किटागावा दाइइचीची काही मुले त्याच्या शाळेची टिंगल करत उभी असलेली त्याला आढळतात. इतक्यात मागून कागेयामा येतो आणि आपल्याच संघातल्या त्या मुलांना दरडावून पांगवतो. नंतर तो हिनाताकडे वळून, ज्याला स्वतःची प्रकृतीही सांभाळता येत नाही त्याने येथे काय म्हणून यावे, अशा अर्थाचे बोलतो. हिनाता घाबरलेला आहे, पण तो मागे हटत नाही. आपण जिंकायलाच आलो आहोत असे तो सांगतो. आता गंमत अशी की जपानी भाषेतही आपल्यासारखीच बोलण्याची पायरी असते; ज्येष्ठाशी एक, बरोबरीच्याशी दुसरी आणि कनिष्ठाशी तिसरी, आणि क्रियापदाच्या शेपटातूनच ऐकणाऱ्याला कोण कोणाला किती लेखतो ते कळते. ‘अरे’, ‘अहो’ आणि ‘आपण’ यांत वाढलेल्या मराठी माणसाला ही व्यवस्था परकी नाही. इंग्रजीत ती नाही. तेव्हा कागेयामाची जरब आणि त्याच्यापुढे दबणाऱ्या मुलांची अदब हे सारे इंग्रजी डबला केवळ आवाजाच्या वजनातून आणि शब्दांमधल्या थांब्यांतून उभे करावे लागते. स्कॉट गिब्स यांनी कागेयामाला दिलेला आवाज येथे ऐकण्यासारखा आहे. तो चढत नाही. उलट खाली उतरतो, वाक्ये तोडून टाकतो, आणि समोरच्याकडून उत्तराची अपेक्षाच नसल्यासारखा बोलतो. राजेपण हुकमाच्या मजकुरात नसते, हुकूम मानला जाईलच या खात्रीत असते, आणि ती खात्री गिब्स यांच्या स्वरात आहे.

ब्रायसन बॉगस यांचा हिनाता याच्या अगदी उलट. मूळ जपानीत हिनाताला आयुमु मुरासे यांचा आवाज आहे, आणि तो इतका उंच पट्टीतला, इतका तलम आहे की मिसरूड न फुटलेला मुलगाच बोलतो आहे असे वाटावे. बॉगस ती पट्टी गाठू पाहत नाहीत, आणि मला ते योग्य वाटते. दुसऱ्याच्या गळ्याची नक्कल करणारा नट आपला गळाही गमावतो. त्यांचा हिनाता किंचित भरल्या आवाजाचा, धापा टाकत बोलणारा, आनंदात आणि भीतीत सारख्याच वेगाने शब्द एकमेकांवर आदळणारा असा अमेरिकी शाळकरी मुलगा आहे. मुरासे यांच्या हिनाताकडे पाहून वात्सल्य दाटते. बॉगस यांच्या हिनाताबरोबर धावावेसे वाटते. दोहोंत श्रेष्ठ कोण हा वाद मी घालणार नाही, पण त्या दोन हिनातांपैकी एकाला बनावट ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे असेही मला वाटत नाही.

हे आवाज दिले गेले ते अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात, सेंटाय फिल्मवर्क्स या कंपनीच्या वतीने, आणि तेही मूळ प्रक्षेपणानंतर काही वर्षांनी. जपानी ॲनिमेला इंग्रजी वाचा देण्याचा उद्योग टेक्सासमध्ये कसा एकवटला हा स्वतंत्र इतिहासाचा विषय आहे; त्याच राज्यात डॅलसच्या बाजूला फनिमेशन ही दुसरी मोठी कंपनी १९९४ पासून वाढली, एवढे नोंदवून पुढे जातो. या विद्येची सुरुवात मात्र न्यूयॉर्कची. १९६३ मध्ये ओसामु तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ अमेरिकेत दाखवण्यासाठी फ्रेड लॅड यांनी ती इंग्रजीत आणली, आणि पुढे मोटारशर्यतीवरच्या ‘स्पीड रेसर’ या मालिकेची इंग्रजी संहिता लिहून तिच्या नायकाचा आवाजही पीटर फर्नांडेझ यांनी दिला. त्या मालिकेतली पात्रे श्वास न घेता भराभर बोलतात हे तिचे वैशिष्ट्य सर्वांच्या स्मरणात राहिले आहे, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक होते: पडद्यावरचे ओठ जितका वेळ हलतात तितक्या वेळात इंग्रजी मजकूर कोंबून बसवायचा होता.

ओठांचा हा बंदोबस्त आजही डबिंगचा कणा आहे. त्यातल्या त्यात ॲनिमेची एक सोय अशी, की जिवंत नटाप्रमाणे तेथे ओठ प्रत्येक अक्षराला वेगळा आकार घेत नाहीत. खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी तोंड मिटलेले, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे अशा मोजक्या चित्रांवरच काम भागवले जाते. म्हणून इंग्रजी संहिता लिहिणाऱ्याला अक्षराशी अक्षर जुळवावे लागत नाही. तोंड उघडते तेव्हा शब्द सुरू व्हावा, मिटते तेव्हा संपावा, मध्ये थांबा असेल तेथे थांबावे, इतके साधले की डोळा समाधान मानतो. परंतु हे साधणेही सोपे नाही, कारण वाक्याची घडणच भिन्न आहे. मराठीप्रमाणेच जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. बोलणारा कर्ता, कर्म, कारण, शंका असे सर्व काही मांडत मांडत शेवटच्या शब्दावर आघात करतो, आणि चित्रकाराने चेहऱ्यावरचा भावही त्याच शेवटच्या शब्दाशी जुळवून रेखाटलेला असतो. इंग्रजीत क्रियापद लवकर येऊन मोकळे होते, आणि मग शेवटी उरते ती लहानसहान शब्दांची सोबत. तेव्हा आघाताचा शब्द पुन्हा वाक्याच्या टोकाला यावा आणि चेहरा बदलतो त्याच क्षणी तो कानी पडावा, म्हणून संपूर्ण वाक्य उलगडून नव्याने विणण्याची हिकमत संहिताकाराला करावी लागते. शब्दशः भाषांतराची अपेक्षा धरून डब ऐकणारे जिला स्वैरपणा म्हणून नावे ठेवतात, ती पुष्कळदा याच निकडीतून आलेली असते, आणि ती साधलेली असते तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही.

खेळाच्या ॲनिमेत आणखी एक मोठी मोकळीक आहे. एका उडीला प्रत्यक्षात लागतो तो क्षणाचाही अंश. पण पडद्यावर काळ थांबतो, मुलगा अधांतरी राहतो, आणि त्याच्या मनातले विचार सावकाश ऐकू येतात. मनातल्या बोलण्याला ओठ नसतात. ‘हायक्यू!!’च्या पहिल्या भागात समोर उभी ठाकणारी उंच भिंत आणि त्या भिंतीपलीकडचे न दिसणारे दृश्य यांविषयीचे हिनाताचे आत्मगत सर्वांत मोलाचे आहे, आणि नेमक्या त्याच जागी इंग्रजी नटाला ओठांच्या जाचातून सुटका मिळते. बॉगस या ठिकाणी धापा टाकणे सोडून संथ होतात; वरून खाली पाहिल्यासारखा त्यांचा सूर निवळतो, आणि त्या वेळी आपली नजर उडीवरच खिळलेली राहू शकते, ही गोष्ट मी डबच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत भक्कम पुरावा समजतो. येथे सबटायटल वाचणाऱ्याला मुलाचे मनोगत कळेल खरे, पण ते कळत असताना तो मुलाकडे पाहत नसेल.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण कसे होते हेही सांगण्याजोगे आहे. जपानमध्ये पूर्वापार चालत आलेली पद्धत अशी, की एका प्रसंगातले सारे आवाज-नट एकाच दालनात हातात संहिता घेऊन जमतात, मोजक्या मायक्रोफोनपुढे आळीपाळीने पुढे येतात, पानांची सळसळ होऊ न देता बोलतात आणि मागे सरतात. त्यामुळे संवादाला संवादाची ऊब असते. मात्र पुष्कळदा त्या वेळी चित्रे पुरी झालेली नसतात, आणि नटांपुढे असतात ती नुसती कच्ची रेखाटने आणि कोणी केव्हा बोलायचे याच्या खुणा. अमेरिकेत उलट आहे. नट काचेआड एकटा असतो, एकेक वाक्य तुकड्यातुकड्याने घेतले जाते, कानात इशाऱ्याचे तीन ठोके वाजतात आणि जेथे चौथा पडायचा तेथे त्याने बोलायला सुरुवात करायची. समोर सहकारी नाही. पण संपूर्ण तयार झालेले चित्र मात्र आहे, रंगांसहित, हालचालींसहित. उडीची उंची, कपाळावरचा घाम आणि चेंडूचा वेग हे सारे त्याला डोळ्यांनी दिसते, आणि त्याला साजेसा श्वास तो घेऊ शकतो. जपानी नटाला सोबत मिळते, इंग्रजी नटाला दृश्य मिळते. मला वाटते, पहिल्या भागातील संभाषणे जपानीत अधिक रंगतात आणि धावणे, पडणे, उडणे हे इंग्रजीत अधिक भरीव वाटते, यामागे पद्धतीचा हा फरकही असावा.

कारण खेळाच्या ॲनिमेत बोलण्याइतकेच महत्त्व न बोललेल्या आवाजांना असते. चेंडू झेलताना छातीतून निघणारा हुंकार, घसरताना दातांखाली दाबलेली वेदना, उडीपूर्वी घेतलेला आणि उडीनंतर सोडलेला श्वास, ही सारी स्वतंत्रपणे मुद्रित करावी लागतात. युकी हायाशी आणि आसामी ताचिबाना यांचे संगीत, बुटांची फरशीवरची किरकिर आणि तळव्यावर बसणाऱ्या चेंडूचा फटका हे मूळ जपानी ध्वनी इंग्रजी आवृत्तीतही जसेच्या तसे असतात. त्यामुळे इंग्रजी नटाच्या श्वासाला जपानी चेंडूच्या आवाजाशी मेळ ठेवावा लागतो. ज्या पिढीने आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांचे मराठी क्रिकेट समालोचन ऐकले, तिला आवाजातून मैदान कसे उभे राहते हे नव्याने सांगायला नको. येथे तर मैदान दिसतेही आहे. आवाजाने त्यात फक्त जीव ओतायचा आहे.

आता सामन्याच्या अखेरच्या चेंडूकडे येतो. हिनाताचा संघ दोन्ही सेटमध्ये धुळीला मिळालेला आहे. २५ गुणांच्या सेटमध्ये त्यांची धाव एकेरी आकड्यांपलीकडे गेलेली नाही, आणि अर्ध्या तासाच्या आसपास सारा फैसला होऊन गेला आहे. फुटबॉलपटू मित्राने सवयीने पायाचाही उपयोग करून पाहिला आहे. शेवटचा गुण. बास्केटबॉलपटू मित्र चेंडू उचलतो, पण तो चुकून हिनाता उभा आहे तिकडे न जाता कोर्टाच्या विरुद्ध टोकाला जातो. कोणत्याही शहाण्या खेळाडूने तेथे हात टेकले असते. हिनाता मात्र वळतो, कोर्टाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावतो, आणि ब्लॉक करणाऱ्यांचे हात पोहोचण्यापूर्वी हवेत असतो. तो स्मॅश मारतो. चेंडू रेषेच्या जरासा बाहेर पडतो आणि सामना संपतो. या धावेत शब्द जवळजवळ नाहीत. आहे तो श्वास, पावले, आणि पाहणाऱ्या कागेयामाचे विस्फारलेले डोळे. डब येथे जवळजवळ गप्प बसतो, आणि गप्प बसण्याचा हा विवेक मला फार मोलाचा वाटतो.

त्यानंतर जाळीच्या पलीकडून कागेयामा विचारतो की ही तीन वर्षे तू केलेस तरी काय. वरवर पाहता हा अपमान आहे, पण त्या प्रश्नात तितकाच संतापलेला आदरही आहे; इतकी शक्ती वाया गेलेली पाहून एका खऱ्या खेळाडूचा जीव तुटला आहे. जपानीत काइतो इशिकावा यांच्या स्वरात राग वर तरंगतो आणि आदर खाली दबून राहतो. गिब्स यांनी मात्र अविश्वास पुढे आणला आहे. त्यांचा कागेयामा जणू स्वतःलाच विचारतो आहे. ज्याने आधी जपानी आवृत्ती पाहिली असेल त्यालाही या जागी नवे काही सापडते, आणि चांगल्या डबकडून आपण याहून अधिक काय मागावे? उत्तम नाटक दोन नटांनी दोन परींनी केलेले आपण पाहतो, तेव्हा दुसऱ्याला पहिल्याची नक्कल म्हणत नाही. आपल्या रंगभूमीवर तर एकाच भूमिकेत पिढ्यापिढ्यांचे नट पाहण्याची परंपरा आहे.

डबमध्ये काही गमावले जाते हे नाकारण्यात अर्थ नाही. बोलण्यातल्या ज्या पायऱ्यांचा उल्लेख वर आला त्या पुष्कळशा सपाट होतात. मियागीसारख्या एका कोपऱ्यातल्या प्रांताची मुले अमेरिकी उच्चारात बोलताना ऐकून सुरुवातीची काही मिनिटे कान बिचकतात, आणि जपानी नावांचे इंग्रजी उच्चार तर मराठी कानाला फारच ढिले वाटतात, कारण आपल्या स्वरांची ठेवण जपानीला जितकी जवळची आहे तितकी इंग्रजीची नाही. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांना इंग्रजी वाचणे सोपे आणि ऐकणे कठीण वाटते, कारण ती आपण पुस्तकातून शिकलो. अशा वाचकांना माझी सूचना अशी, की पहिल्या वेळी इंग्रजी डबबरोबर इंग्रजी सबटायटल्सही ठेवावीत आणि ती केवळ अडले तेथेच पाहावीत; आवाजातला भाव कळला की न कळलेला शब्द फार वेळ अडवत नाही. सामन्याच्या प्रसंगात मात्र ती बंद करावीत. आणि ज्यांना मूळ जपानीविषयी निष्ठा आहे, त्यांनी ती सोडावी असेही माझे म्हणणे नाही. दुसऱ्या फेरीला, कथानक माहीत झाल्यावर, मुरासे आणि इशिकावा यांना निवांत ऐकावे, कारण तेव्हा अक्षरांकडे पाहण्याची गरजच उरत नाही.

पराभवानंतर संध्याकाळच्या प्रकाशात, क्रीडागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर, हिनाता त्या राजाला गाठतो. डोळ्यांत पाणी आहे, आणि तो ओरडून सांगतो की तू कोर्टवरचा राजा असशील तर तुला हरवून शेवटपर्यंत कोर्टवर उभा राहीन तो मीच. बॉगस यांचा आवाज या ठिकाणी फाटतो, आणि ते त्याला फाटू देतात. रडणे आणि ललकारी एकाच श्वासात आल्यावर जे वेडेवाकडे व्हायला हवे तेच होते. कागेयामाचे उत्तर थोडक्यात येते: कोर्टवर टिकतो तो बलवान, टिकायचे असेल तर बलवान हो. काही महिने जातात. हिनाता उच्च माध्यमिक शिक्षणासाठी कारासुनोत दाखल होतो, ज्या शाळेचा तो ठेंगणा दहा क्रमांक त्याने लहानपणी पडद्यावर पाहिला होता. आणि उत्साहाने क्रीडागृहाचे दार ढकलतो तो समोर, त्याच शाळेत, चेंडू घेऊन कागेयामा उभा. हिनाता बोट रोखून किंचाळतो आणि पहिला भाग तेथेच थांबतो. ज्याला हरवण्याची शपथ घेतली त्याच्याच हातून आता चेंडू घ्यायचा आहे. दोघांनाही जाळीच्या एकाच बाजूला उभे राहून एकमेकांशी बोलावे लागणार आहे, आणि बॉगस व गिब्स यांच्या आवाजांची खरी जुगलबंदी दुसऱ्या भागापासून सुरू होते.